पाच कोंबड्या आणि एक हीटर

वायरमनना आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नव्हत्या, कोंबड्या पाळणं आणि खोटं बोलणं. सुनेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या पंधरवड्यात त्यांनी दोन्ही करून पाहिल्या आणि दोन्हींत त्यांची पुरती फजिती झाली.

बनियन-मोज्यांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं वायरमन म्हणून काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी शेजारीपाजारी, वाण्याच्या दुकानात, इतकंच काय बायकोच्या तोंडीही नाव तेच राहिलं. कारखान्याचा नियम होता की शेवटी बाहेर पडणाऱ्याने सगळी बटणं खाली करायची, आणि तो नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. घरात पाणी प्यायला म्हणून कुणी उठलं तर परत येईपर्यंत पंखा बंद, दिवा बंद. मुलगा लहानपणी अंधारात जेवायला शिकला तो याच घरात. बायको म्हणायची, "चंद्राला बटण नाही म्हणून वाचलाय बिचारा."

ही बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. मुलगा बंदरावर क्रेन चालवायचा. सकाळी सहाला निघायचा तो दिवेलागणीला परतायचा. त्यामुळे सुनेचं दिवसभराचं सगळं वायरमनच्या अंगावर आलं.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून पेशी मोजायच्या. डोळा म्हणजे डावा, कारण उजवा लहानपणापासून नावापुरताच होता. उजव्याने तिला माणूस आला एवढं कळायचं, कोण आला ते कळायचं नाही. आणि एका सकाळी डाव्याच्याच कोपऱ्यातून काळी सावली सरकत आली आणि मायक्रोस्कोपची अर्धी काच झाकली गेली. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय. त्यांनी ऑपरेशन करून डोळ्यात गॅस भरला. हा गॅस वरच्या बाजूला चढतो आणि पडद्याला आतून दाबून धरतो. पण पडदा असतो डोळ्याच्या मागे, म्हणून माणसाने चौदा दिवस जमिनीकडे तोंड करून पडायचं. तासातून दहा मिनिटं जेवणखाण आणि बाकीच्या गोष्टींसाठी सूट. गॅस विरेपर्यंत त्या डोळ्याला फक्त पाण्याखालचं दिसावं तसं हलतं करडं दिसणार, त्यामुळे डोळा राहिला की गेला हे तिचं तिला कळायचा मार्ग नव्हता.

वायरमननी सुताराकडून एका फळीला तोंडाएवढं भोक पाडून आणलं, कडेने जुन्या उशीतला स्पंज शिवला आणि फळीचं एक टोक पलंगावर, दुसरं स्टुलावर ठेवलं. पलंग हॉलमध्ये आणला. सून पालथी झोपली, भोकात तोंड घातलं, आणि तिच्या जगात फरशीचे दोन तुकडे उरले. ती नीट झोपलीय एवढं बघून वायरमन स्वयंपाकघराकडे निघाले आणि जाता जाता हॉलचा दिवा बंद करून गेले. तिनेही काही म्हटलं नाही. तिला उजेड काय आणि अंधार काय, सारखंच होतं.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी ती फळीखालून म्हणाली, "बाबा, एक काम सांगू? हसणार नसाल तर."

"सांग की."

"माझ्या कोंबड्या बघाल?"

वायरमननी आधी गॅलरीकडे पाहिलं.

कोंबड्या टीव्हीत होत्या. सुनेला एक शेतीचा गेम खेळायचा नाद होता. संध्याकाळी लॅबमधून आली की अर्धा तास ती लाल टोपीतल्या मुलीला शेतातून फिरवायची, पेरायची, पाणी घालायची, कोंबड्यांना कुरवाळायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिथला शरद सरून थंडी लागायची होती.

"थंडी अठ्ठावीस दिवसांची असते," ती म्हणाली. "पिकंबिकं काही नसतात, फक्त कोंबड्या. तिथला एक दिवस म्हणजे आपली वीस मिनिटं. रोज सकाळी एक आणि दुपारी एक असे दोन दिवस ढकललेत तर चौदाव्या दिवशी थंडी संपेल आणि मी उठेन."

संध्याकाळी मुलाला कळलं तेव्हा तो हसला. "बाबा, गेम बंद ठेवला की कोंबड्या जागच्या जागी उभ्या राहतात. उपाशी वगैरे काही राहत नाहीत."

"माहितेय मला," फळीखालून आवाज आला. "पण मग थंडीही जागच्या जागी राहील."

 तो "सगळं मस्त होणार" म्हणून कपडे बदलायला गेला. सगळं मस्त होणार हे त्याचं ठरलेलं वाक्य. बोट कापलं तरी तो तेच म्हणायचा.

तर वायरमन शिकले. सून जमिनीकडे बघत सांगायची आणि ते गेम खेळायचं ते दोन कानांचं यंत्र चष्म्यापुढे धरून बटणं शोधायचे.

"डावा अंगठा चालायला."

"चाललो."

"कुठे आहात?"

"तळ्यात."

"तळं गोठलंय, तुम्ही काठाला अडकला असाल. मागे या."

"आता भिंतीत आहे."

सगळं शेत पांढरं झालं होतं. गवत बर्फाखाली गेलेलं, म्हणून कोंबड्यांना बाहेर सोडायचं नाही. सकाळी खुराड्यात जायचं, कोठीतून वाळलेलं गवत काढून लाकडी पन्हळीत पाच जागी टाकायचं, पाणी भरायचं, अंडी उचलायची, प्रत्येक कोंबडीला एकदा कुरवाळायचं. कुरवाळलं की तिच्या डोक्यावर लाल बदाम उमटायचा. संध्याकाळी परत एक फेरी.

"रात्री निघताना दिवा मात्र बंद करा," सून म्हणाली. "नाहीतर झोपत नाहीत त्या."

"ते मला सांगायला नको."

"आणि हीटर मी लावून ठेवलाय."

बस, हीटरबद्दल इतकंच. लावलेला हीटर भर थंडीत कुणी उठून बंद करील हे तिच्या काय, कुणाच्याच मनात आलं नसतं.

कोंबड्या पाच. मोठ्या बाई, या लॅबमधल्या मोठ्या बाईंसारख्याच दारात उभ्या राहायच्या आणि कुणाला वाट द्यायच्या नाहीत. टाचणी बारीक आणि चपळ. कापूस पांढरी. बुटकी. आणि कोपऱ्यात दिवसभर बसून राहणारी पेन्शन. पहिल्या दिवशी पाचही जणींनी अंडी दिली आणि वायरमननी "पाच!" असं काही सांगितलं की जणू त्यांनीच घातली. दुसऱ्या सकाळपासून ते अंघोळ करून, चष्मा पुसून मगच टीव्हीपुढे बसू लागले. टाचणी पळाली की "ये गं, ये इकडे" म्हणू लागले. फळीखालून हसण्याचा आवाज यायचा तेव्हा त्यांना फार बरं वाटायचं. लग्न होऊन सून घरात आल्याला पाच वर्षं झाली होती आणि तोवर त्या दोघांचं बोलणं बहुतेक करून "चहा ठेवू का" आणि "ठेव" एवढंच होतं.

तिथल्या चौथ्या दिवशी अंडी चार मिळाली. पाचव्या दिवशी तीन. वायरमन पन्हळीच्या मागे, गवताखाली, सगळीकडे बघून आले. मग म्हणाले, "चार."

एकाने काय बिघडतं, त्यांना वाटलं. आजाऱ्याला ताप सांगताना आपण अर्धी डिग्री खाली सांगतो, तसंच हे. पण सातव्या दिवशी दोन निघाली, आठव्या दिवशी एक, आणि नवव्या दिवसापासून घरट्यात नुसतं गवत. कुरवाळलं की बदामाऐवजी डोक्यावर काळा ढग यायला लागला. मोठ्या बाई दारातून हटून भिंतीशी जाऊन बसल्या. वायरमननी गवत वाढवलं, पाणी दोनदा बदललं, एकेकीला तीन-तीनदा कुरवाळलं. ढग काही हलेनात.

"किती आज?" सून विचारायची.

"पाच."

"पाचही?"

"एकूण एक."

"अरे वा," ती म्हणायची.

 तिच्या कोंबड्या आपल्या हातून मरणार, आणि ती उठेल त्या दिवशी पहिली दिसेल ती मेलेली पेन्शन, असं चित्र वायरमनच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. मुलाला विचारायची सोय नव्हती, तो हसून सगळं तिला सांगणार. आणि खेळातल्या कोंबड्या मरतात की नाही हे तिलाच विचारणं म्हणजे चोराने पोलिसाला रस्ता विचारण्यातली गत.

इकडच्या सातव्या दिवशी तपासणी होती. टॅक्सीत मागच्या सीटवर सून गुडघ्यांवर कपाळ टेकून बसली आणि वायरमननी तिच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड मारून पाहिलं, "ठीक चाललंय" म्हणाले आणि तिला औषध घालायला शेजारच्या खोलीत पाठवलं. मग वायरमनना बसवून सगळं नीट समजावलं. वायरमननी खिशातली डायरी काढून शब्द न् शब्द लिहून घेतला. कारखान्यात बिघाडांची नोंद ठेवायची अशीच छोटी डायरी असायची आणि ती सवयही सुटली नव्हती.

टॅक्सीत सून म्हणाली, "काय म्हणाले?"

डायरीत तीन गोष्टी होत्या. वायरमननी पहिली सांगितली. "पडदा अगदी घट्ट चिकटलाय. उत्तम आहे म्हणाले." बाकीच्या दोन ती बरी झाल्यावर सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"हं," ती म्हणाली.

घरी संध्याकाळी मुलानेही तेच सांगितलं, वर "सगळं मस्त होणार" जोडलं.

दुसऱ्या दिवसापासून सुनेने कोंबड्यांची चौकशी करणं सोडलं. वायरमन आपणहून सांगायचे, "आज पाच. त्यात एक मोठ्ठं." ती नुसती हुंकार द्यायची. वाटीतला भात अर्धा ठेवायची. "डोळा दुखतोय का?" तर "नाही." "मान अवघडलीय का?" तर "नाही." एकदा त्यांना फळीखालच्या फरशीवर ओलं दिसलं. औषधाचा थेंब गळला असेल म्हणून त्यांनी ते फडक्याने पुसून घेतलं. दुपारी पुन्हा तिथेच ओलं. तेही पुसलं. जितकी ती गप्प होत गेली तितकी यांची अंडी वाढत गेली. इकडच्या नवव्या दिवशी तर त्यांनी पाच कोंबड्यांची सहा अंडी सांगितली आणि तिने तेही खपवून घेतलं.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी बाह्या वर केल्या. पडद्यावर थंडीचा विसावा दिवस होता. पाचही जणी भिंतीला पाठ लावून, ढग डोक्यावर घेऊन बसलेल्या. वायरमन मनाशी म्हणाले, हा बिघाड आहे आणि बिघाड म्हटला की तो ओळीने जाऊन सापडतो. घाबरलेला वायरमन काही कामाचा नाही. त्यांनी कोठीपासून सुरुवात केली. कोठी भरलेली. पन्हळ भरलेली. पाणी आहे. दार लागलेलं, फट नाही. सकाळच्या फेरीत चूक नव्हती. मग संध्याकाळची फेरी त्यांनी एकेक पाऊल मोजत केली. टाचणीला कुरवाळलं, दाराशी आले, दिव्याचं बटण दाबलं. खट्. दिवा गेला. आणि त्यांनी काही ठरवायच्या आत त्यांचा अंगठा आपणहून दोन पावलं डावीकडे सरकला आणि पुन्हा खट्. भिंतीवरचा इवलासा लाल दिवा विझला.

वायरमननी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. बटण वर केलं, लाल दिवा लागला. खाली केलं, विझला. तिथले गेले वीस दिवस, रोज संध्याकाळी, बाहेर बर्फ पडत असताना, शेवटी निघणारा माणूस म्हणून ते सगळी बटणं खाली करून जात होते. सकाळी आल्यावर दिवा लावायचे तो उजेडासाठी. हीटर लावायची गरज त्यांना स्वतःला कधी भासली नव्हती, कारण हॉलमध्ये कुठे थंडी होती?

कारखान्यात एक रिवाज होता. बिघाड सापडला की वायरमनने आधी मोठ्याने ओरडून तीन गोष्टी सांगायच्या, काय, कुठे आणि कधीपासून. मगच वीज सोडायची, कारण कुणाचा तरी हात यंत्रात असू शकतो. चौतीस वर्षांत त्यांनी हे एकदाही चुकवलं नव्हतं. आताही तोंड आपणहून उघडलं.

"बिघाड सापडला! हीटर बंद! खुराड्याच्या दाराशी! पहिल्या दिवसापासून!"

शेवटचे शब्द तोंडातून निघाले आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं. पहिल्या दिवसापासून हीटर बंद, तर मग ती पाच-पाच, सहा-सहा अंडी कुठली? त्यांनी पलंगाकडे वळून पाहिलं. 

"अगं," वायरमन म्हणाले, "अंडी नाहीयेत. तिथल्या नवव्या दिवसापासून एकही नाही. मी सांगितली ती सगळी खोटी. कालची सहासुद्धा."

"माहितेय मला."

"माहितेय?"

"अंडं उचललं की टुप्प असा आवाज येतो, बाबा. पाचव्या दिवशी तीनदा आला आणि तुम्ही चार म्हणालात. नंतर तो बंदच झाला."

वायरमनना हा आवाज कधी ऐकूच आला नव्हता. ते सारखे बघत होते ना. "मग बोलली का नाहीस?"

"आधी गंमत वाटली. माझ्यासाठी एवढं खोटं बोलतायत म्हणून बरंही वाटलं."  फळीखालून येणारा आवाज बदलला. "मग तपासणी झाली. तुम्ही टॅक्सीत म्हणालात, उत्तम आहे. अगदी त्याच आवाजात, बाबा, ज्या आवाजात पाच अंडी म्हणता. टीव्हीतल्या कोंबडीची वाईट बातमी ज्यांना सांगवत नाही ते डोळ्याची कशी सांगणार? आणि हा तर काय, जन्मभर सगळं मस्तच सांगणार. मी समजून चुकले. डोळा गेला."

तीन दिवस. तीन दिवस ही पोरगी डोळा गेला असं समजून त्या भोकात तोंड घालून पडली होती आणि आपण खालची फरशी पुसत होतो. वायरमनना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी हीटरचं बटण वर केलं, हातातलं यंत्र खाली ठेवलं, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून डायरी काढली आणि एक हात गुडघ्यावर, एक पलंगावर टेकत ते फरशीवर बसले. मग आडवे झाले. मग पाठीवर सरकत सरकत फळीखाली गेले, अगदी भोकाच्या खाली तोंड येईपर्यंत.

"हे काय करताय?"

"दिसतोय का मी तुला? त्या उजव्याने?"

"धूसर."

"धूसर पुरे. आता माझ्या तोंडाकडे बघ आणि ऐक. खोटं वाटलं तर तिथेच थांबव."

त्यांनी डायरी चष्म्याजवळ धरली आणि कारखान्यातली नोंद वाचावी तसं वाचलं. "एक. पडदा चिकटला आहे, सगळीकडून, कुठे सुटलेला नाही. दोन. त्या डोळ्याला काही महिने सरळ रेघ वाकडी दिसेल, हळूहळू कमी होईल, पण पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. आणि मोतीबिंदू लवकर येईल, दोन-तीन वर्षांत, त्याचं वेगळं ऑपरेशन करावं लागेल. तीन. मायक्रोस्कोपचं मी विचारलं. म्हणाले, सहा महिने डोळा लावायचा नाही, मग बघू. मी म्हटलं, जमेल का? ते हो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत."

 वायरमन डायरी उलटी करून तिला दाखवू लागले. "मागच्या पानावर काही नाही. हे बघ, कोरं आहे."

"मोतीबिंदू?" ती म्हणाली.

"हो."

"रेघ वाकडी?"

"काही महिने."

"एवढंच?"

"एवढंच. देवाशप्पथ एवढंच."

त्यांच्या चष्म्यावर टप्पकन एक थेंब पडला, मग गालावर दुसरा. हे औषध नव्हतं, आणि कालचं-परवाचंही औषध नव्हतं, हे वायरमनना आता कळलं. पण वर बघितलं तर भोकातलं ते धूसर तोंड हसत होतं. हसता हसता रडत होतं म्हणा. मोतीबिंदूच्या बातमीने इतका आनंद झालेला माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता. पडदा चिकटल्याचं जे वाक्य तीन दिवस तिला खोटं वाटत होतं, ते या दोन वाईट वाक्यांच्या शेजारी ठेवल्यावर खरं झालं होतं.

"बाबा, भूक लागलीय," ती म्हणाली.

त्या दुपारी ती दोन वाट्या भात जेवली आणि झोपली ती अशी घोरत, की वायरमनना टीव्हीचा आवाज वाढवावा लागला. आता तोही ऐकायचा होता ना. त्यांच्या स्वतःच्या अंगातलं ओझं उतरून गेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात भांडी घासताना ते शीळ घालत होते आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी सुनेने विचारलं, "किती?"

"शून्य," वायरमन छाती पुढे काढून म्हणाले.

"छान," ती म्हणाली.

दुपारी पुन्हा शून्य. पण कापसाच्या डोक्यावरचा ढग गेला होता. बाराव्या दिवशी दुपारी खुराड्यात शिरल्या शिरल्या त्यांना पन्हळीशेजारी काहीतरी गोल दिसलं. ते काही बोलले नाहीत. बटण दाबलं. टुप्प.

"एक!" दोघंही एकदम म्हणाली.

संध्याकाळच्या फेरीला सून कान देऊन ऐकायची. दाराशी एक खट् व्हायचं, दिव्याचं. मग वायरमन दुसरं खट् होऊ नये म्हणून अंगठा मुठीत धरून ठेवायचे आणि लाल टोपीतली मुलगी तशीच दारात खोळंबून राहायची. "एकच वाजलं," ती म्हणायची. "शाबास." तेराव्या दिवशी सकाळी त्यांनी चार सांगितली, तिनेही चार मोजली होती. पेन्शनच्या पुढ्यात मात्र अंडं नव्हतं. ते त्यांनी तसंच सांगितलं.

चौदाव्या दिवशी सकाळी थंडीचा सत्ताविसावा दिवस उरकून ते दवाखान्यात गेले. या वेळी सुनेने डॉक्टरांना वायरमनसमोरच सगळं विचारलं, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी डायरीतल्या तिन्हींशी जुळल्या. फक्त एक नवी होती. आजपासून तोंड वर केलं तरी चालेल.

घरी परतेपर्यंत संध्याकाळ झाली. खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, हॉलमध्ये दिवा लावलेला होता. सून चौदा दिवसांनी पहिल्यांदा खुर्चीत ताठ बसली. गॅस अर्धा विरला होता. खालच्या बाजूला अजून ते हलतं करडं पाणी होतं, पण पाण्याची एक कड झाली होती आणि त्या कडेच्या वर पट्टीएवढं जग स्वच्छ दिसत होतं. हनुवटी खाली केली की त्या पट्टीत टीव्ही मावत होता.

वायरमननी शेवटचा दिवस ढकलला. लाल टोपीतली मुलगी झोपली, उठली, तिने दार उघडलं. "आता बघ हं," ते सांगायला लागले, "वरच्या कोपऱ्यात..."

"फूल," सून म्हणाली. "बर्फाच्या चित्राच्या जागी गुलाबी फूल आलंय. पाच पाकळ्यांचं."

वायरमननी उघडलेलं तोंड मिटलं. पाकळ्या त्यांनीही मोजल्या नव्हत्या. मोजल्या, पाचच होत्या.

खुराड्यात सगळ्या जाग्या होत्या. मोठ्या बाई परत दारात उभ्या. पेन्शनच्या पुढ्यात एक अंडं. टुप्प. "भिंतीवर काय आहे ते?" सूनच म्हणाली. "लाल लाल. हीटरचा दिवा ना?"

"हो. चार दिवसांत हात लावलेला नाही."

"पण वसंत आला ना, बाबा. आता बंद करायचा असतो तो."

वायरमननी तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की."

चार दिवस मुठीत धरलेला अंगठा त्यांनी बटणावर ठेवला आणि दाबला. खट्. इतकं समाधान त्यांना निवृत्तीच्या दिवशी कारखान्याचा मुख्य स्विच खाली करतानाही मिळालं नव्हतं. त्यांनी कोंबड्यांना दार उघडून दिलं. एकामागून एक त्या हिरव्या गवतात उतरल्या आणि टाचणी सगळ्यांच्या पुढे धावत सुटली.

"चहा ठेवतो," म्हणत ते उठले, स्वयंपाकघराकडे निघाले, आणि दारातून जाता जाता त्यांचा हात नेहमीसारखा भिंतीकडे गेला.

"बाबा," मागून सून म्हणाली. "दिवा राहू द्या. मला बघायचंय."